तिसऱ्या बाकाचा प्याला

पप्पा, आज संध्याकाळी प्रभुभोजनाची उपासना आहे आणि रस तयार आहे. काल अर्धा दिवस रजा टाकून केला. पिंपळगावहून काळी द्राक्षं आणली, मणी एकेक करून खुडले, डागाळलेला एकही आत जाऊ दिला नाही. पातेलं पंच्याऐंशी अंशांवर गेलं तेव्हा घड्याळ लावलं आणि बाटल्या रस गरम असतानाच काठोकाठ भरून झाकणं आवळली. नंतर पुन्हा दोनदा जाऊन झाकणं तपासली. आई म्हणाली, "झाकणं काय पळून जाणारेत का?" मी अजून तशीच आहे, कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेल्यावर परत येऊन ओढून बघणारी. तुम्ही गेलात तेव्हा मी सोळाची होते, आता एकतीस पूर्ण झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, कारण गेलेल्या माणसाशी असं बोलणं आपल्या शिकवणीत बसतं की नाही याची मला खात्री नव्हती. आजही नाही. पण ही प्रार्थना नाही आणि मी काही मागतही नाही. मला फक्त सांगायचं आहे.

माझी पहिली शाळा म्हणजे आपला स्वयंपाकघराचा ओटा. दम्यामुळे तिसरीपर्यंत मला शाळेत घातलंच नाही. आई दवाखान्यात नर्स, तिच्या ड्युट्या बदलत्या. तुम्ही अंबडच्या कारखान्यात स्टोअरकीपर, पहिली पाळी. साडेतीनला स्कूटरचा आवाज आला की मी स्टूल ओढून ओट्याशी बसते. तुम्ही हातपाय धुऊन कांदा चिरायला घेता आणि कंपनीतून आणलेली जुनी जॉबकार्डं पालथी करून माझ्यापुढे ठेवता. एका बाजूला नटबोल्टचे आकडे, दुसऱ्या बाजूला माझी बाराखडी. वाचायला मी उपासनेच्या गीतांवर शिकले, कारण ती मला आधीच पाठ होती आणि अडले तर चालीवरून पुढचा शब्द सापडायचा. तुम्ही म्हणायचात, "चाल सोड, अक्षर बघ." मी काहीही विचारायचे आणि तुम्ही कधी गप्प बस म्हणाला नाहीत. देवाला कांदा आवडतो का, असं मी एकदा विचारलं. तुम्ही सुरी थांबवून नीट विचार केलात आणि म्हणालात, "देवाचं माहीत नाही. पण बायबलात इस्राएल लोक रानात कांद्याच्या आठवणीने रडले होते. म्हणजे आपल्यासारख्यांना आवडतो." मग आपण दोघं डोळे पुसत हसलो. तुमचे तर कांद्यानेही भरले होते.

त्याच ओट्यावर महिन्याच्या पहिल्या रविवारच्या प्रभुभोजनासाठी, ख्रिस्ताच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत देवळात भाकरीबरोबर प्यायचा तो रस व्हायचा. देवळाच्या मंडळीने तुम्हाला पंच केलं होतं आणि प्याला तयार करणं तुमच्याकडे होतं. द्राक्षांचा हंगाम असेल तेव्हा द्राक्षं आणि इतर महिन्यांत काळे मनुके रात्रभर भिजवून, उकळून, फडक्यातून पिळून. तो आंबता कामा नये, एवढा एकच नियम. लहानपणी मला वाटायचं की हा नियम स्वर्गातून आला आहे. आपल्या मंडळीतल्या आज्या-पणज्यांनी मिशनच्या काळात दारूला शिवणार नाही अशी शपथ घेतली होती आणि ती शपथ घराघरात भांड्यांसारखी वाटून आली होती. बाहेरच्यांना हे पटत नाही. कॉलनीत नाताळचा फराळ वाटायला गेलं की कोणीतरी काका डोळा मारून विचारायचेच, "फक्त करंज्याच? बाटली कुठंय?" सिनेमात ख्रिस्ती माणूस दिसला की त्याच्या हातात बाटली असतेच. तुम्ही हसून म्हणायचात, "आमच्यात चहासुद्धा पातळ असतो हो." पण जिना उतरताना तुमचं हसू गेलेलं असायचं, ते मी बघितलं आहे.

आता त्या एप्रिलबद्दल. मी अकरा वर्षांची आहे. तुम्ही गुरुवारी रस करून बाटल्या भरून ठेवल्या आहेत. शुक्रवारी दुपारी घरात कोणी नसताना मी एक झाकण उघडते. दोनच घोट घेईन असं ठरवते आणि चार घेते. मग बाटलीचा गळा रिकामा दिसतो म्हणून माठातलं पाणी ओतून तो भरते, झाकण लावते आणि बाटली शेगडीवरच्या फळीवर परत ठेवते. पुढचे दोन दिवस नाशिक तापत होतं. त्या बाटलीत काय चाललं असेल हे आज मी प्रत्येक तासाच्या हिशेबाने सांगू शकते. तेव्हा मला फक्त एवढंच माहीत होतं की कोणाला कळलेलं नाही.

रविवारी तुम्ही छोट्या पेल्यांचं तबक घेऊन निघालात. पहिल्या बाकाला दिलंत, दुसऱ्या बाकाला दिलंत. सगळ्यांनी पेले हातात धरून थांबायचं आणि एकदम प्यायचं, ही आपली पद्धत. तिसऱ्या बाकावर खिडकीशी तुमच्याच कंपनीतले वेल्डर काका बसायचे. त्यांची दारू सुटून चार वर्षं झाली होती. पेला उचलताना त्यांचा हात अजून कापायचा. तुम्ही वाकलात, काहीतरी वास आल्यासारखे थांबलात आणि तबक मागे घेतलंत. हळूच म्हणालात, "आज तुम्ही नका घेऊ." काकांनी हात तसाच हवेत ठेवला. आख्ख्या देवळाला वाटलं, हा परत प्यायला लागला आणि पंचाने याला प्याला नाकारला. शेजारी त्यांच्या बायकोने, काकूंनी, पदर पुढे ओढला, तो अगदी नाकापर्यंत. ते अर्धं मिनिट असेल, पप्पा. मला ते तेव्हापासून संपलेलं वाटत नाही.

मग तुम्ही टेबलापाशी जाऊन सगळ्यांकडे तोंड केलंत. "रस आंबला आहे. रस मी करतो, चूक माझी आहे. यांचा काही दोष नाही." उपासना चालवणारे म्हातारे पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थना झालेली आहे, ज्यांना चालेल त्यांनी घ्यावा. लोकांनी घेतला. तुम्ही घेतला नाहीत. तुम्ही तिसऱ्या बाकावर काकांना जरा सरका म्हणालात आणि त्यांच्या शेजारी रिकामे हात मांडीवर ठेवून बसलात. मी मुलींच्या बाकावरून तुमची पाठ बघत होते.

आठ दिवस मी जेवले नाही, म्हणजे जेवले, पण आईने सारखं म्हटल्यावर. आठव्या दिवशी ओट्याशी उभं राहून तुम्हाला सगळं सांगितलं. तुम्ही हातातली पोळी लाटून तव्यावर टाकलीत. मग म्हणालात, "प्यायलीस त्याचं काही नाही. पोरं पितात. पण पाणी घालून बाटली भरलेली दिसेल अशी ठेवलीस, ते मला लागलं." तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. पुढचा रस करायच्या दिवशी मात्र तुम्ही कंपनीतून एक काचेचा थर्मामीटर आणलात, रीतसर सांगून आणलेला, आणि माझ्या हातात दिलात. "यापुढे उकळी तू बघायची." मला वाटलं होतं, तुम्ही मला ओट्याजवळ येऊ देणार नाही. मी पारा वर चढताना बघत होते आणि तुम्ही माझ्याकडे पाठ करून, मुद्दाम, दुसरंच काहीतरी करत होतात.

त्याच दिवसांत स्कूटरवर तुमच्या मागे बसून मी विचारलं होतं की प्रभूने काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला, तो आंबलेलाच होता ना? मग आपण का उकळतो? तुम्ही हेल्मेटमधून ओरडून म्हणालात, "केला. पण त्या लग्नात आपले काका नव्हते!" सिग्नलला थांबल्यावर मान वळवून पुढचं सांगितलंत. "वाईन पाप आहे म्हणून उकळत नाही गं मी. एकच प्याला सगळ्यांना वाटायचा असेल, तर तो सगळ्यात अशक्त माणसाला झेपेल असा पाहिजे. बस." मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी नंतर धर्मज्ञानावरची बरीच जाड पुस्तकं वाचली, पप्पा. त्यांच्यात याच्यापेक्षा जास्त काही मला सापडलं नाही, किंवा मला कळलं नाही.

त्या थर्मामीटरमुळे मी रसायनशास्त्र घेतलं. आणि रसायनशास्त्रामुळे, हे तुम्हाला कसं वाटेल माहीत नाही, मी आता दिंडोरीच्या बाजूच्या एका वायनरीत लॅबमध्ये आहे. सहा वर्षं झाली. साखर मोजते, आम्ल मोजते, कोणत्या टाकीत आंबणं थांबलं आणि कोणत्या टाकीत सुरू राहिलं ते बघते. तुम्ही जे होऊ द्यायचं नाही म्हणून आयुष्यभर जपलंत, ते नीट व्हावं म्हणून मला पगार मिळतो. मुलाखतीत साहेब खूश होऊन म्हणाले होते, "अरे वा, तुम्ही ख्रिश्चन! मग तुम्हाला काय शिकवायचं, तुमच्यात तर चर्चमध्येच देतात!" मी हसले. दुरुस्त केलं नाही. आणि मंडळीत कोणी विचारलं की सांगायचे, फूड लॅबमध्ये आहे. खोटं नाही ते. द्राक्ष खाण्याचीच वस्तू आहे. असं मी सहा वर्षं स्वतःला समजावत होते आणि गेली तीन वर्षं महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी मंडळीचा रसही मीच करत होते. कारखान्यातले कपडे वेगळे, रस करायचे कपडे वेगळे. नखं घासून घासून बोटं सोलवटायची.

आपले नवीन पाळकसाहेब तरुण आहेत, धर्मशिक्षणाच्या सेमिनरीतून ताजे आलेले. ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर रविवारी उपासनेनंतर ते वर्ग घेतात. सुवार्ता आणि आजूबाजूची संस्कृती, असा विषय. चटया टाकून गोल बसायचं, चहा घ्यायचा, आणि बोलायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "प्रभू नाशिकला आला असता तर कोणाच्या पंगतीला बसला असता?" तरुण संघातली एक मुलगी म्हणाली, "मिसळीच्या टेबलावर, पास्टर. आणि रस्सा दोनदा मागितला असता." सगळे हसले. पण पाळकसाहेब थांबले नाहीत. म्हणाले, आपण अजून परक्यांची भाकर का मोडतो? पाव विकत का आणतो? आपली बाजरीची भाकरी का नको? आणि मग, ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे याच रविवारी, त्यांनी दुसरं अर्धं मांडलं. आपलं नाशिक वाईनचं शहर आहे, महामार्गावर पाट्या लागल्यात. प्रभूच्या ताटावर त्या काळी खरा द्राक्षारस होता. या गुरुवारी, प्रभूच्या शेवटच्या जेवणाच्या रात्री, एक घोट खऱ्या वाईनचा का नको? मातीशी नातं राहील.

तुमच्या वेळचे एक पंच अजून आहेत, दमेकरी झालेत पण आवाज तसाच. ते म्हणाले, "पाळकसाहेब, बाहेर लोक आम्हाला बाटलीवाले म्हणतात. ते पुसता पुसता माझा जन्म गेला. आता तुम्ही आतच आणा बाटली!" ती मुलगी म्हणाली, "अंकल, लोक काय म्हणतात यावर प्रभुभोजन ठरवायचं का?" "मग कशावर ठरवायचं? पाट्यांवर?" पाळकसाहेब हात जोडून हसत म्हणाले, "थांबा, थांबा. मला स्वतःला वाईनमधलं काही कळत नाही. कोणाला माहिती असेल तर सांगा, कोणती, किती." पंच म्हणाले, "इथे कोणाला असणार?"

माझा हात वर गेला, पप्पा. मी वर केला असं म्हणवत नाही. "मला आहे. मी वायनरीत काम करते. सहा वर्षं." चहाचा कप कोणीतरी चटईवर ठेवला, त्याचा आवाज झाला. पंच माझ्याकडे वळले. "म्हणजे आठवडाभर ते, आणि शनिवारी आमचा प्याला?" मी म्हणाले, "हो." "आणि ती चाखावी लागते?" मी म्हणाले, "लागते. पण थुंकायची असते, त्यासाठी भांडं असतं. मी गिळत नाही."

तेव्हा काकू बोलल्या. वेल्डर काकांच्या काकू. काका तुमच्यानंतर नऊ वर्षं जगले आणि एकदाही घसरले नाहीत. काकू चांदवडकडच्या, अजून तशाच बोलतात. त्यांना भिंतीला टेकून बसवलेलं असतं. त्या म्हणाल्या, "ए पंच, गप बस. हिचा बाप माझ्या माणसाशेजारी रिकाम्या हातानं बसला होता. तू पेला घेऊन बसला होता, मी बघितलंय." पंच म्हणाले, "वहिनी, तो विषय नाही." "तोच विषय हाय. पोरगी थुंकते म्हणाली ना? मग थुंकते. तिच्या बापानं कधी लबाडी नाय केली. मी तिच्या हातचाच पिणार." आणि माझ्याकडे न बघता त्यांनी आपला कप पुढे केला. मला कळेना काय करायचं, मी त्यात चहा ओतला.

मग पाळकसाहेबांनी मला विचारलं, तुमचं मत काय? मी तुमचं सिग्नलवरचं वाक्य सांगितलं. ते म्हणाले, अगदी प्रेमाने, "पण ते काका आता नाहीत ना, ताई." मी म्हणाले, "तिसरा बाक आहे. त्याच्यावर आता कोण बसतं आणि घरी जाऊन त्याचं काय चालतं, ते आपल्याला माहीत नाही." हे बोलताना माझा आवाज इतका कापत होता की मीच त्या बाकावरची आहे असं कोणाला वाटलं असेल. पाळकसाहेबांनी आपल्या वहीतली वाईनची ओळ खोडली. मग म्हणाले, भाकरी बाजरीची, प्याला उकळलेला. पंचांनीही मान हलवली, भाकरीबद्दल नाराज होऊन. रस कोणी करायचा हे कोणी विचारलंच नाही. काकूंनी ते ठरवून टाकलं होतं.

आणि इथेच मी अडकले आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत, हंगाम जोरात असताना, आमच्या वाईनमेकर सरांनी एका पिंपातला नमुना पुढे केला. दोन वर्षं मुरलेली वाईन. मी तोंडात घेतली, फिरवली, भांड्याकडे वाकले, आणि गिळली. कोणी ढकललं नाही, ठसका लागला नाही. सर म्हणाले, "काय वाटतं?" मी आम्लाचा आकडा सांगितला. एकदाच झालं, त्याआधी नाही आणि त्यानंतर नाही. पण रविवारी मी म्हणाले की गिळत नाही आणि एका म्हाताऱ्या बाईने भरल्या मंडळीत त्या शब्दावर स्वतःचा शब्द ठेवला. गिळणं पाप होतं का, यावर मी पाळकसाहेबांशी तासभर वाद घालू शकते आणि बहुतेक जिंकेनही. पण गिळत नाही असं मी म्हणायला नको होतं, यावर वाद घालण्यासारखं काही नाही.

तेव्हा असं ठरवलं आहे की पाचला निघायचं, देवळात न जाता आधी काकूंकडे जायचं आणि त्यांना सांगायचं. त्या जर म्हणाल्या, तुझ्या हातचा नको, तर बाटल्या आईच्या हाती पाठवीन आणि मी शेवटच्या बाकावर बसेन. त्या चिडतील असं वाटत नाही. पण चिडाव्यात असंही थोडं वाटतं. आधी तुम्हाला लिहिलं, कारण तुमच्यापुढे बोलून बघितलं की जीभ वळते, ओट्याशी वळायची तशी. हा कागद मी घरातच ठेवणार आहे. घडी करून पर्समध्येही ठेवणार नाही, काकूंकडे चुकून बाहेर यायचा.

साडेचार झाले. काकूंना सगळं सांगायचं आहे, पण एक गोष्ट उरते. ती वाईन मला आवडली, पप्पा. गिळल्यावर कितीतरी वेळ जिभेवर होती आणि मी पाणी प्यायले नाही. हे त्यांना सांगायचं की नाही, ते अजून ठरत नाहीये.